सांगलीत घर, प्लॉट किंवा गाळा घेताना वकील कसा नेमावा

आमच्या भागात जमिनीचा व्यवहार बहुधा एकाच क्रमाने होतो. ओळखीतला कोणी जागा दाखवतो, दर ठरतो, चांगला दिवस पाहून विसार दिला जातो, आणि मग घरातले कोणीतरी म्हणते की आता एखादा वकील बघायला हवा. तोपर्यंत पैसे अडकलेले असतात, त्यामुळे वकिलाने दोष दाखवला तरी तो ऐकून घेण्याची मनाची तयारी राहिलेली नसते. माझी नोकरीची बरीच वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सातबारे, फेरफार (म्हणजे मालकीतील बदलाच्या महसुली नोंदी) आणि सर्च रिपोर्ट वाचण्यात गेली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट हीच सांगतो की वकील विसारापूर्वी नेमावा, तो केवळ आपला असावा, आणि त्याला मुख्यतः कागद वाचण्याची फी द्यावी. दस्त लिहिणे हे त्याच्या कामातले शेवटचे आणि तुलनेने सोपे काम असते.

घरातलेच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी मिरज तालुक्यातील एका गावालगतचा बिगरशेती प्लॉट आम्ही पाहिला होता. सातबारा कोरा होता, बोजा नव्हता, विक्रेते तिघे भाऊ आणि त्यांची आई असे चौघे सही करायला तयार होते. आमच्या वकिलांनी चालू सातबारा बाजूला ठेवला आणि जुने फेरफार मागवले. वारस नोंदीच्या फेरफारावर त्यांनी पेन्सिलीने एकेका नावाखाली रेघ ओढली, तेव्हा मयत खातेदारामागे पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली अशी सहा नावे निघाली. त्यानंतरच्या वाटणीच्या फेरफारात मात्र चारच नावे होती, आणि मुलींबद्दल ‘हक्क सोडल्याचा जबाब दिला’ एवढे एकच वाक्य होते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेही नव्हते. एक बहीण हयात होती, दुसरी वारली होती आणि तिला तीन मुले होती. या सर्वांना दस्तात लिहून देणार म्हणून आणण्यात चार महिने गेले, पण ते चार महिने खरेदीआधी गेले. हीच गोष्ट खरेदीनंतर दहा वर्षांनी वाटणीच्या दाव्याच्या समन्सने कळली असती, तर काय झाले असते याचा विचार आजही मनात येतो.

कोणत्या कामाला कोणता वकील

जमिनीचे काम करणारे सगळे वकील सारखेच असतात असे समजू नये. मिळकतीची मालकी तपासून टायटलचा अहवाल देणारे आणि दस्त लिहिणारे वकील हा एक वर्ग आहे. तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी आणि पुण्याच्या विभागीय आयुक्तांपुढे फेरफार, अपील, पुनरीक्षण चालवणारे महसुली कामाचे वकील हा दुसरा वर्ग आहे. दिवाणी न्यायालयात वाटणी, मनाई हुकूम, कराराची पूर्तता असे दावे साक्षीपुराव्यासह चालवणारे तिसरे. एकाच व्यक्तीकडे तिन्ही गोष्टींची उत्तम जाण असू शकते, पण ते गृहीत धरता येत नाही. आपण स्वच्छ दिसणारा फ्लॅट घेत असू तर पहिल्या वर्गातील वकील पुरेसा असतो. शेतजमीन, इनाम जमीन किंवा कुळाची जमीन असेल तर महसुली कामाचा अनुभव असलेल्या वकिलाशिवाय पुढे जाऊ नये, कारण महाराष्ट्र कुळवहिवाट कायदा १९४८ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ यांतील बारकावे रोजच्या वापराशिवाय लक्षात राहत नाहीत.

दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक मजकूर नीट लिहितात, मुद्रांकाचा हिशेबही बरोबर करतात, पण विक्रेता खरोखर मालक आहे का हे पाहणे त्यांचे काम नाही. दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली, असाही अर्थ होत नाही. दुसरा गैरसमज बँकेच्या पॅनेलवरील वकिलांबद्दल आहे. कर्ज मंजूर झाले म्हणजे टायटल स्वच्छ, असे लोक मानतात. बँकेचा वकील बँकेचे कर्ज वसूल होईल का या नजरेने कागद पाहतो. तुमच्या शेजाऱ्याशी असलेला हद्दीचा वाद, वहिवाटीच्या रस्त्याची अडचण किंवा पार्किंगचा हक्क या गोष्टींत त्याला शिरण्याचे कारण नसते. हे मी टेबलाच्या बँकेकडील बाजूला बसून पाहिलेले आहे.

नाव कसे शोधावे, पडताळणी कशी करावी

वकिलांना व्यवसायाची जाहिरात करण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, त्यामुळे चौकशी माणसांकडेच करावी लागते. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच तालुक्यात मिळकत घेतली, ज्यांचा वाटणीचा दावा निकाली निघाला किंवा जे बँकेत कर्जाची प्रकरणे पाहतात, अशांकडून तीन नावे घ्यावीत. जागा दाखवणाऱ्या एजंटाने किंवा विक्रेत्याने सुचवलेले नाव यादीत ठेवू नये. तो वकील वाईट असेल असे नव्हे, पण त्याचे येणेजाणे त्यांच्याशी आहे. ‘दोघांचा एकच वकील, खर्च निम्मा’ ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते आणि तीच सर्वांत महागात पडते, कारण कलमांवर मतभेद झाला की त्या वकिलाला कोणाचीही बाजू घेता येत नाही.

वकिलाकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानेही खटले शोधता येतात. तेथे त्यांच्या नावावर बहुतेक दिवाणी दावे दिसतात की फौजदारी, यावरून त्यांचे रोजचे काम कोणते याचा अंदाज येतो. त्याच ठिकाणी विक्रेत्याचे नाव घालूनही शोध घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यातून कधीकधी चालू दावाच हाती लागतो.

पहिली भेट

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये. शेतजमीन किंवा गावाबाहेरील प्लॉट असेल तर सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरील जमिनींचा एकत्रित उतारा) आणि सातबाऱ्यावर ज्यांचे क्रमांक आहेत ते सर्व फेरफार न्यावेत. शहरातील मिळकत असेल तर नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला सिटी सर्व्हे उतारा म्हणतो तो, न्यावा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो, तेव्हा विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबण्याचे कारण नाही. आधीच्या खरेदीखताची प्रत, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि घरपट्टीची पावती मिळाल्यास उत्तम. सगळ्याच्या छायाप्रती द्याव्यात. मूळ कागद देण्याची वेळ आलीच तर यादी करून पोच घ्यावी.

या भेटीत वकिलांना सरळ विचारावे की या गावात किंवा या भागात आपण पूर्वी काम केले आहे का, शोध स्वतः घेणार की कारकुनाकडून, अहवाल लेखी मिळेल का, किती दिवसांत, आणि विक्रेत्याचे किंवा बिल्डरचे कोणतेही काम आपल्याकडे चालू आहे का. शेवटच्या प्रश्नाने चांगला वकील दुखावत नाही. भेटीतच ‘काही काळजी करू नका, सगळे क्लिअर आहे’ असे कागद न उलगडता सांगणाऱ्याकडे परत जाऊ नये. याउलट जो तुम्हालाच प्रश्न विचारू लागतो, म्हणजे जागेला रस्ता कोठून आहे, ताबा प्रत्यक्षात कोणाचा आहे, विक्रेत्याला बहिणी किती आहेत, त्याचे बोलणे नीट ऐकावे.

फी

फीचा विषय आपल्याकडे ‘ते बघू नंतर’ यावर सुटतो आणि नंतर कटुता येते. शोध व अहवाल, जाहीर नोटीस, दस्ताचा मसुदा आणि नोंदणीच्या दिवशीची हजेरी या चार कामांची फी वेगवेगळी विचारून घ्यावी. शोधाची सरकारी फी, वर्तमानपत्राचा खर्च, टायपिंग हे फीत धरले आहे की वेगळे, हेही स्पष्ट व्हावे. आपल्याकडील वकील सहसा कराराचे पत्र देत नाहीत. म्हणून भेटीनंतर आपणच नम्र शब्दांत व्हॉट्सॲपवर ‘आज ठरल्याप्रमाणे अमुक काम, अमुक फी, अमुक मुदत’ असा संदेश पाठवावा आणि त्यांचा होकार घ्यावा. दाव्याच्या कामात ‘निकाल लागला तर जमिनीतला इतका हिस्सा’ असा सौदा कोणी सुचवला तर तो नाकारावा. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या मिळकतीत वाटा घेणे वकिलांना त्यांच्या व्यावसायिक नियमांनीच वर्ज्य आहे.

अहवालात काय असले पाहिजे

वकिलाची खरी परीक्षा येथे होते, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

प्रचलित पद्धतीप्रमाणे किमान ३० वर्षांचा शोध घेतला जातो. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनवरून त्या मिळकतीचे खरेदी, गहाण, बक्षीस, वाटणी असे कोणते दस्त नोंदले गेले ते कळते. अहवालासोबत शोध फीची पावती जोडलेली असावी. ती नसेल तर शोध खरोखर घेतला का, असा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. ३० वर्षांवर थांबणे मात्र सांगलीत नेहमी पुरत नाही. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने १९४८ साली विलीन झाली, आणि त्या काळातील इनाम, वतन, सनदा यांचे परिणाम आजच्या सातबाऱ्यावरही दिसतात. जुना कागद मोडी लिपीत असेल तर वकिलांनी तो जाणकाराकडून वाचून घेतला पाहिजे.

सातबाऱ्यावर सर्वांत आधी भोगवटादार वर्ग पाहायचा. वर्ग एक असेल तर मालक सामान्यतः मुक्तपणे विकू शकतो. वर्ग दोन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण चालत नाही. देवस्थान इनाम आणि वक्फ जमिनींची बाब याहून कडक आहे. जमीन कुळाने कुळ कायद्याखाली खरेदी केलेली असेल तर कलम ४३ च्या शर्ती तपासाव्या लागतात. ३२म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन खरेदी केल्याचा दाखला) १० वर्षे होऊन गेली असल्यास जमीन महसूल आकारणीच्या ४० पट नजराणा सरकारकडे भरून विक्री करण्याची तरतूद आहे, पण तो नजराणा खरेच भरला गेला का याचे चलन हवे. खरेदीदार शेतकरी नसेल तर कलम ६३ मुळे शेतजमीन घेण्यावरच बंधन येते. कोणाच्या तरी नावाने घेऊन नंतर आपल्या नावावर करू, हा सल्ला जो वकील देतो त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना. विकास सोसायटीच्या कर्जाचा इकरार, बँकेचा बोजा, पुनर्वसनासाठीचे निर्बंध, भूसंपादनाची नोंद, विहिरीतील हिस्सा, न्यायालयाचा मनाई हुकूम हे सगळे तेथे येते. कर्ज फेडले असे विक्रेता म्हणतो, पण बोजा कमी करण्याचा फेरफार झालेला नसतो. वारणा आणि कोयना प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात व पुनर्वसित गावांत हस्तांतरणाचे निर्बंध असलेल्या जमिनी आहेत, त्यामुळे या रकान्यातील अर्धवट वाचता येणारी जुनी नोंदसुद्धा सोडून देऊ नये.

सातबारा हा महसूल वसुलीसाठी ठेवलेला अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणूनच वारसांची मोजणी महत्त्वाची. महाराष्ट्राने मुलींना वडिलार्जित मिळकतीत सहदायिकी हक्क (म्हणजे मुलांप्रमाणे जन्मतः हिस्सा) १९९४ च्या दुरुस्तीने दिला, केंद्राने २००५ मध्ये तो देशभर लागू केला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही असे स्पष्ट केले. आपल्याकडे बहिणी तक्रार करत नाहीत, माहेर तुटू नये म्हणून गप्प राहतात. त्यांचे मौन म्हणजे हक्कसोड नव्हे, आणि त्यांच्या मुलांनी पुढे गप्प राहावे असे कोणतेही बंधन नाही. विक्रेत्यांपैकी कोणी मुंबईला असून मुखत्यारपत्रावर दुसरा सही करणार असेल, तर ते मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, विक्रीचा अधिकार त्यात आहे का आणि देणारा हयात आहे का, हे तिन्ही पाहावे. केवळ मुखत्यारपत्राने किंवा नोटरीच्या साठेखताने (म्हणजे पुढे विक्री करण्याच्या कराराने) मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नि:संदिग्धपणे सांगितले आहे.

सांगलीपुरत्या दोन गोष्टी अहवालात वेगळ्या मागून घ्याव्यात. एक गुंठेवारी. महापालिका १९९८ मध्ये झाली, तोवर आणि त्यानंतरही सांगली, मिरज, कुपवाडच्या कडेने शेतजमिनीचे गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले. त्यांच्या नियमितीकरणासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. अशा प्लॉटला नियमितीकरणाचे प्रमाणपत्र आहे, की नुसता अर्ज दिलेला आहे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे विकू न देणाऱ्या तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बरेच बदल झाले आहेत. २०२३ मध्ये बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरले आणि त्यानंतरही सुधारणा झाल्या. म्हणून दस्ताच्या तारखेला कोणता नियम लागू आहे ते वकिलांकडून लेखी घ्यावे. दुसरी गोष्ट पूररेषा. २००५, २०१९ आणि २०२१ हे पूर ज्यांनी पाहिले त्यांना कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळच्या पातळीचे आकडे तोंडपाठ आहेत. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तर धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकडची निळी आणि तिच्या बाहेरची लाल अशा दोन पूररेषा असतात; जागा निळ्या रेषेच्या आत आहे, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये आहे की बाहेर, यावर बांधकाम परवानगी अवलंबून असते. बरेच वकील हा भाग ‘इंजिनिअरचा विषय’ म्हणून सोडतात. त्यांना विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला अहवालाला जोडायला सांगावे.

शोध पूर्ण झाल्यावर जिल्ह्यात खपणाऱ्या दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. खर्च थोडा होतो, पण लपलेला हक्कदार किंवा आधीचा विसार देणारा बहुधा याच टप्प्यावर पुढे येतो. शेवटी अहवालाचा निष्कर्ष वाचावा. ‘आम्हास दाखविलेल्या कागदपत्रांवरून’ या शब्दांनी सुरू होणारा एका परिच्छेदाचा दाखला अपुरा समजावा.

दुकान, गाळा, गोदाम

व्यापारी मिळकतीत मालकीइतकाच वापराचा आणि भाड्याचा प्रश्न असतो. कुपवाड किंवा मिरज औद्योगिक वसाहतीतील प्लॉट हा विकत मिळत नाही. तो औद्योगिक विकास महामंडळाकडून (एमआयडीसी) ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतो, त्यामुळे हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी, हस्तांतरण शुल्क आणि आधीच्या धारकाने बांधकामाच्या अटी पाळल्या का, हे पाहणारा वकील हवा. हळदीसाठी गोदाम किंवा बेदाण्यासाठी शीतगृह भाड्याने द्यायचे असेल तर भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स यांतील भेद वकिलांनी तुमच्या बाजूने समजावून सांगितला पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर हा कायदा लागू होत नाही, म्हणून कराराचा मसुदाच वेगळा होतो. केवळ व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या मिळकतीच्या कराराचा वाद तीन लाखांवरील असेल तर तो वाणिज्य न्यायालयाकडे जातो, आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे.

बांधकाम सुरू असलेल्या संकुलातील फ्लॅट असो वा दुकान, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील आणि आठपेक्षा अधिक युनिटांच्या प्रकल्पाला महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

दस्ताचा मसुदा

मसुदा किमान आठवडाभर आधी मागावा आणि घरी मोठ्याने वाचावा. चतुःसीमा जागेवर उभे राहून ताडून पाहाव्यात. मोजणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी. रस्त्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा. ‘वहिवाटीप्रमाणे’ हा शब्द वाचायला बरा वाटतो, पण भांडणात त्याचा उपयोग होत नाही. मोबदल्याची प्रत्येक रक्कम चेक किंवा बँकेच्या व्यवहार क्रमांकासह दस्तात आली पाहिजे. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर एक टक्का उद्गम करकपात (टीडीएस) खरेदीदाराने करायची असते, याची आठवण वकिलांनी द्यावी.

वाद उभा राहिला तर

वकालतनामा वाचूनच सही करावा. त्यात तडजोड करण्याचा अधिकार दिलेला असतो, तो द्यायचा की नाही हे ठरवावे, आणि कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या पक्षकारांना अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आपला हिस्सा मागू इच्छिणाऱ्या बहिणींपर्यंत ही माहिती पोहोचवावी.

वकील बदलण्याचा हक्क पक्षकाराला कायम असतो. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवले आहे. गंभीर गैरवर्तन असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

नोंदणीनंतर

खरेदीखत नोंदल्यावर वकिलांचे काम संपत नाही, आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. सूची क्रमांक दोनची प्रत घ्यावी. दस्ताची माहिती तहसीलकडे जाऊन फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. आमच्या खरेदीत या मुदतीच्या बाराव्या दिवशी वकिलांचा कारकून स्वतः चावडीवर जाऊन हरकत नाही याची खात्री करून आला होता. नाव लागलेला सातबारा हाती आल्यावर अहवाल, नोटिशीचे कात्रण, शोधाची पावती आणि सगळ्या फेरफारांच्या प्रती एका फाइलीत लावून मागून घ्याव्यात, आणि फीचा शेवटचा हप्ता त्या दिवशी द्यावा.